विसार देण्याआधी घर तपासा
वाचकांचे प्रश्न, स्थापत्य सल्लागारांची उत्तरे

गंगापूर रोडपासून आडगावपर्यंत आणि पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत नाशिक चहूबाजूंनी वाढत असल्याने घरखरेदीविषयीची पत्रे या सदराकडे सातत्याने येत असतात. त्यांतील बहुतेकांचा रोख कागदपत्रांवर असतो. प्रत्यक्ष भिंती, स्लॅब आणि पाण्याचे मार्ग कसे तपासावेत हे विचारणारी पत्रे कमी येतात. या अंकासाठी अशीच चार पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : इंदिरानगरमधील दहा वर्षे जुन्या इमारतीतील सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला पसंत पडला आहे. घराला नुकताच रंग दिलेला असून सगळे स्वच्छ दिसते. मालक अक्षय्य तृतीयेला विसार द्या म्हणून आग्रह धरत आहेत. बँकेचा अभियंता येऊन पाहून गेला आणि कर्जही मंजूर झाले. तरीही वेगळी तपासणी करून घेण्याची गरज आहे का?

उत्तर : गरज निश्चित आहे. बँकेचा अभियंता येऊन गेला म्हणजे घराची तपासणी झाली, हा समज आपण प्रथम मनातून काढून टाकावा. तो बँकेसाठी येतो. कर्ज थकलेच तर ही मालमत्ता विकून किती रक्कम हाती येईल आणि बांधकाम मंजूर नकाशाशी जुळते की नाही, हे पाहणे त्याचे काम असते. आपल्या शयनगृहाची भिंत श्रावणात ओली होते का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो आणि त्याच्या अहवालात त्याचे उत्तरही नसते.

दुसरी गोष्ट मुहूर्ताची आहे. अक्षय्य तृतीया एप्रिल-मेमध्ये येते आणि नाशिकचे घर वर्षभरात सर्वांत कोरडे असते ते याच दिवसांत. चार महिने पावसाने भिजलेली भिंत तोवर पूर्ण सुकलेली असते, जुने डाग खरवडून पुट्टी भरलेली असते आणि वर रंगाचे दोन हात चढलेले असतात. शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यानंतर पाहावे. ते शक्य नसेल, तर उन्हाळ्यातही पावसाच्या खुणा शोधता येतात. मात्र त्यासाठी दिवाणखान्यात बसून चहा घेण्यापेक्षा गच्चीवर, माळ्यावर आणि ओट्याखाली जास्त वेळ घालवावा लागतो.

वरच्या मजल्याचा फ्लॅट घेणाऱ्याने सुरुवात गच्चीपासूनच करावी. स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलाईदार वाटा मारलेला असतो. त्यात भेग असेल किंवा तो कठड्यापासून सुटला असेल, तर पाणी आत शिरण्याची वाट तीच. कोब्यावर किंवा चायना मोझॅकवर काठीने हळूहळू ठोकत चालावे. जिथे आवाज पोकळ, बद्द येतो तिथे वरचा थर खालच्या थरापासून सुटलेला आहे असे समजावे. पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तोंडे किती आहेत, त्यांच्याकडे उतार आहे का आणि सपाट भागात पाणी साचल्याचे काळपट वर्तुळ उमटलेले आहे का, हेही पाहावे. नाशिकमध्ये गच्चीवर सोलर वॉटर हीटर सर्रास बसवलेले असतात. त्यांच्या स्टँडचे पाय कोबा फोडून बोल्टने बसवले असतील, तर पुढे गळती बहुधा नेमकी त्या बोल्टांखाली सुरू होते.

घरात आल्यावर, सगळे घर जुन्या रंगाचे आणि एकच भिंत ताज्या रंगाची असेल तर त्या भिंतीकडे प्रथम जावे. पीओपीचे छत असल्यास मालकांच्या परवानगीने एक-दोन दिवे उतरवून त्या भोकातून टॉर्चच्या प्रकाशात वरचा खरा स्लॅब पाहावा. बाथरूमच्या पाठीमागची भिंत जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत बोटाने चाचपावी. रंगाचे पोपडे उचललेले असतील किंवा पांढरी भुकटी हाताला लागत असेल, तर तिथे लोणा धरलेला आहे. हा लोणा म्हणजे भिंतीतील क्षार असतात. ओलाव्याबरोबर ते पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहतात. म्हणजेच आज भिंत कोरडी असली तरी तिच्यातून पाणी वाहून गेल्याचा तो पुरावा आहे.

पावसाळ्यातील दमट हवेत कपाटामागे बुरशी दिसली की ती गळतीच असते असे मात्र नाही. बाहेरून पाझरलेले पाणी आणि आतल्या हवेतील बाष्प थंड भिंतीवर धरल्याने आलेला ओलावा, या दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. ओळखण्याची पद्धत सोपी आहे. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला थेंब धरले तर दोष हवा खेळती नसल्याचा आहे, भिंतीच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येत आहे. मालक घरात राहत असतील तर यासाठी त्यांना विनंती करावी लागेल. ज्याला लपवायचे काही नाही तो सहसा नाही म्हणत नाही.

ओलीपेक्षाही गंभीर खूण म्हणजे बीमच्या किंवा स्लॅबच्या तळाशी सळईच्या रेषेत सरळ धावणारी भेग आणि तिच्यालगतचा तपकिरी डाग. सळई गंजली की तिचे आकारमान वाढते आणि ती बाहेरचे काँक्रीट फोडून काढते. अशी भेग पुट्टीने बुजवणे म्हणजे आजार झाकणे होय. याउलट वरच्या मजल्यावर स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यात जी आडवी बारीक भेग दिसते, ती बहुतेक वेळा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्यामुळे पडलेली असते. इमारतीला तिच्यापासून सहसा धोका नसतो, पण बाहेरच्या बाजूने ती बुजवली नाही तर पाणी आत येते. आपल्या नियोजित घराला पश्चिमेची भिंत असेल तर एकदा दुपारी चारच्या सुमारास आणि एकदा रात्री नऊनंतर तिथे जाऊन यावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. वातानुकूलन यंत्राचा खर्च त्यावरूनच ठरतो.

हे सर्व आपण स्वतः पाहू शकता. तरीही माझे स्पष्ट मत आहे की, आयुष्यभराची कमाई ज्यात घालायची त्या घरासाठी एखाद्या अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरला शुल्क देऊन बोलवावे, आणि तो मालकाने, दलालाने किंवा रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराने सुचवलेला नसावा. त्याच्याकडे ओलावा मोजणारे मीटर असते, काहींकडे थर्मल कॅमेराही असतो. हा कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमानातील फरक दाखवतो. म्हणून त्यात दिसलेल्या डागाची खात्री मीटरने करून घेतली तरच तो अहवाल ग्राह्य धरावा.

विसार मुहूर्तावर द्यायचाच असेल, तर रक्कम अल्प ठेवावी आणि विसार पावतीत स्वच्छ लिहून घ्यावे की, अमुक तारखेपर्यंत अभियंत्याकडून तपासणी केली जाईल व गंभीर दोष आढळल्यास विसार पूर्ण परत मिळेल. हे वाक्य लिहून देण्यास मालक तयार नसतील, तर मुहूर्त जाऊ द्यावा.

प्रश्न : मखमलाबाद परिसरात नव्या प्रकल्पातील फ्लॅटचा ताबा पुढील महिन्यात मिळणार आहे. नवीन घरात काय तपासायचे? भिंतींवर केसासारख्या भेगा आहेत. पहिल्या पावसाळ्यात त्या पडतातच, असे बिल्डर सांगतात.

उत्तर : भोगवटा प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय ताबा घेऊ नये. बांधकाम परवानगी असणे आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरे पत्र मिळाल्याशिवाय ती इमारत राहण्यास योग्य ठरलेली नसते.

भेगांविषयी बिल्डरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. प्लॅस्टर सुकताना आकसते आणि नखही शिरणार नाही अशा जाळीदार भेगा पडतात. त्या रंगाबरोबर बुजतात. परंतु बीमखाली किंवा कॉलमच्या कडेने सरळ रेषेत गेलेली भेग, म्हणजे काँक्रीट आणि विटांच्या किंवा ब्लॉकच्या सांध्यावर प्लॅस्टरखाली जाळी मारली नसल्याची खूण असते. ती रंगाने बुजत नाही. प्लॅस्टर तोडून, जाळी मारूनच दुरुस्त करावी लागते आणि ते काम ताब्याआधी करून घेणे सोयीचे.

ताबा घेण्याआधी एका गोष्टीचा आग्रह धरावा. प्रत्येक बाथरूमची जाळी बंद करून जमिनीवर बोटभर पाणी चोवीस तास तुंबवून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरील छत पाहावे. बाथरूमचा बुडीत, म्हणजे बाकी मजल्यापेक्षा खाली घेतलेला, स्लॅब एकदा फरशीखाली झाकला गेला की त्यातील दोष शोधणे फार खर्चाचे होते. त्यानंतर पाणी सोडून ते जाळीकडे धावते की दाराकडे, हे पाहावे. बाल्कनीत बादलीभर पाणी ओतून तेच करावे. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या चौकटीला पाणी बाहेर जाण्याची छिद्रे आहेत का, हे तपासावे. ती नसतील तर नैऋत्येच्या पावसात चौकटीत साठलेले पाणी थेट घरात येते. विजेच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण, असावे आणि त्यावरील चाचणीचे बटण दाबताच वीजपुरवठा बंद व्हावा. दमट हवेत आणि ओल्या बाथरूममध्ये जीव वाचवणारे उपकरण हेच आहे.

आढळलेल्या त्रुटींची छायाचित्रांसह यादी करून ती लेखी द्यावी व पोच घ्यावी. रिअल इस्टेट कायदा, २०१६ च्या कलम १४ (३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतील किंवा कारागिरी व दर्जातील दोष निदर्शनास आणून दिल्यास, विकासकाने ते तीस दिवसांत, कोणतेही जादा शुल्क न घेता दुरुस्त करून देणे बंधनकारक आहे. पाच वर्षांची ही मुदत आपल्या तक्रारीच्या तारखेपासून नव्हे, ताब्याच्या तारखेपासून मोजली जाते. आणखी एक सूचना : पहिला पावसाळा जाईपर्यंत बाथरूमची फरशी बदलणे किंवा भिंती फोडणे टाळावे. आपण स्वतः तोडफोड केली की गळती कोणामुळे, हा वाद उभा राहतो आणि तो मिटवणे अवघड जाते.

प्रश्न : नासर्डी नदीपासून थोड्या अंतरावर एक घर स्वस्तात मिळत आहे. तिथे पुराचा धोका आहे का, हे कसे समजावे?

उत्तर : महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन त्या सर्व्हे क्रमांकासाठी निळ्या व लाल पूररेषेची स्थिती लेखी मागावी. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आतले घर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. दोन रेषांच्या मध्ये असल्यास जोत्याची उंची आणि परवानगीतील अटी तपासाव्यात.

गोदावरीचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांना अशी सर्वांना ठाऊक असलेली खूण नाही, आणि गोदावरी भरून वाहू लागली की या उपनद्यांचे पाणीही मागे तुंबते. म्हणून २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या जुन्या रहिवाशांना, किराणा दुकानदाराला विचारावे. तळमजल्यावरील मीटर पेटी वर सरकवलेली असेल किंवा कुंपणाच्या भिंतीवर गाळाची रेषा असेल, तर वेगळ्या उत्तराची गरज नाही.

प्रश्न : आडगावच्या बाजूला पूर्वीच्या शेतजमिनीवर बांधलेले सहा वर्षे जुने रो-हाऊस पाहिले. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे आणि मागचा दरवाजा पावसाळ्यात घट्ट होतो. मालक म्हणतात, लाकूड फुगते. हे खरे असेल का?

उत्तर : लाकूड फुगतेही. परंतु दरवाजा आणि तिरकी भेग या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच बाजूला असतील तर संशय पायावर घ्यावा लागतो. नाशिकच्या आजूबाजूची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. द्राक्षाच्या बागेला हीच माती कसदार वाटते, पण पाया त्या थरातच थांबवला असेल तर ती घराला दरवर्षी उचलते आणि खाली सोडते. पाया काळ्या मातीचा थर ओलांडून मुरमात किंवा खडकात नेलेला असावा लागतो.

भेग जिवंत आहे की थांबलेली, हे आधी ठरवावे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि भेगेवर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ ठिपका लावावा. काही आठवड्यांनी ठिपका तडकला किंवा भेग खुणेच्या पुढे गेली, तर हालचाल चालू आहे. उन्हाळ्याच्या मध्यावर काहीच हालले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा पाहावे, कारण माती फुगते ती तेव्हा.

घराभोवती फिरून जोत्यालगत सिमेंटचा पट्टा आहे का, गच्चीचे पाणी भिंतीच्या मुळाशी पडते की दूर जाते, आणि भिंतीला लागून मोठे झाड आहे का, हेही पाहावे. झाड मातीतील ओलावा शोषते आणि त्या बाजूची जमीन अधिक आकसते. घरात फरशी आणि स्कर्टिंग यांच्यामध्ये फट पडलेली दिसली, तर जोत्यातील भराव नीट ठोकून बसवलेला नव्हता. त्याच फेरीत दारांच्या चौकटींवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का, तेही बघावे. त्या वाळवीच्या असतात.

मालकांकडे पाया खोदतानाची छायाचित्रे किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरचे नकाशे असतील तर ते मागून घ्यावेत. नसतील, तर अभियंत्याच्या देखरेखीखाली पायाशेजारी एक खड्डा खणून पाया कोणत्या थरावर टेकला आहे हे पाहता येते. काम दिवसभराचे असते, खर्च मालकाशी बोलून ठरवावा, आणि खड्डा खणू देण्यास नकार मिळाल्यास साठेखत करू नये.