जजला कोणी निवडून देत नाही, मग एवढी पॉवर कशी?

प्रश्न: नमस्कार ताई, आत्ताच हायकोर्टाचे एक जज रिटायर झाले, सगळीकडे कौतुक चाललंय. पण आमदार-खासदारांना दर पाच वर्षांनी आपल्या दारात यावं लागतं, जजला कोणीच निवडून देत नाही आणि तरी ते विधानसभेचा कायदा रद्द करू शकतात. ही कसली लोकशाही?
– एक वाचक

उत्तर: दादा, प्रश्न रास्त आहे, पण मला दुखणं वेगळ्या जागी दिसतं. 12 जून 1975 ला अलाहाबाद हायकोर्टाच्या जगमोहनलाल सिन्हांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, पंतप्रधान असताना! सिन्हांना पुढच्या वर्षी तिकीट मागायचं असतं तर हा निकाल आला असता का, सांगा बरं. आणि जज मनाला येईल तसं नाही करू शकत, कारणं लेखी द्यावी लागतात, वर अपील असतं. अर्थात वरचे पण चुकतात, आणीबाणीत नऊ हायकोर्टांनी सांगितलं की अटकेतला माणूस कोर्टात येऊ शकतो आणि 1976 मध्ये सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 1 ने ते फिरवलं.

मला खरी काळजी वाटते ती रिटायरमेंटनंतरची. हायकोर्टाचा जज 62 ला रिटायर होतो, सुप्रीम कोर्टाचा 65 ला, म्हणजे माणूस अजून चांगला कामाचा असतो. संविधानाचं कलम 220 एवढंच सांगतं की हायकोर्टाचा कायम जज राहिलेल्याने सुप्रीम कोर्ट आणि दुसरी हायकोर्टं सोडून कुठेही वकिली करायची नाही, सरकारी पदाबद्दल त्यात काहीच नाही. आता बघा, राज्य मानवी हक्क आयोगाचा अध्यक्ष हायकोर्टाचा माजी जजच लागतो आणि त्याचं नाव सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष असतात मुख्यमंत्री, समितीत विरोधी पक्षनेते असतात पण बहुमत सरकारचंच. म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत ज्या सरकारविरुद्धच्या केसेस ऐकायच्या त्याच सरकारकडून पुढची खुर्ची. जज कितीही स्वच्छ असू दे, केस हरलेल्याच्या मनात शंका राहणारच, आणि ती राहू नये म्हणून तर कोर्ट आहे ना!

नेमणुकीची नावं कॉलेजियम, म्हणजे वरिष्ठ जजांचं मंडळ, सुचवतं, म्हणजे जजच जज निवडतात, तेही बंद दाराआड, ते मलाही पटत नाही. ते बदलायला आणलेला आयोग 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानेच रद्द केला, तो वाद लांबचा आहे. पण रिटायर झाल्यावर दोन वर्षं कुठलंही सरकारी पद नाही, एवढा कायदा संसद करू शकते, त्यासाठी जजची निवडणूक घ्यायची गरज नाही. तुमच्या खासदारांना हे जरूर विचारा.