गटावर टाकलं, पण बघतंय कोण?

प्रश्न : मी परळला ब्लाऊजवर आरीकाम करते. नेटवर छान नक्षी, चित्रं सापडली की मैत्रिणींच्या गटावर टाकते. उत्तरादाखल नुसता अंगठा येतो. शिवाय अशी नक्षी गिऱ्हाइकासाठी वापरली तर चालते का?
— एक वाचक, परळ

उत्तर : ताई, सकाळच्या घाईत दहा चित्रं एकदम ढकललीत, तर दादरला गाडी बदलणारी बाई अंगठाच देणार! एकच टाका आणि त्यात तुम्हाला काय दिसलं ते लिहा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने डच चित्रकार रेम्ब्राँटच्या १६४२ सालच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचा ७१७ गिगापिक्सेलचा, म्हणजे कितीही मोठा केला तरी बारकावे दिसतील असा, फोटो २०२२मध्ये खुला केला. नुसती लिंक कोण उघडतंय? पण पुढे उभ्या असलेल्या लेफ्टनंटचा पिवळा अंगरखा मोठा करून बघा. किनारीच्या सोनेरी भरतकामात ॲमस्टरडॅमच्या चिन्हासकट सिंह आहे, आणि त्यावर शेजारच्या कॅप्टनच्या हाताची सावली पडलीय. तेवढाच तुकडा पाठवा. जरीचा टाका रंगाने कसा दाखवलाय, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार?

आता वापरायचं. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७पासून हक्कमुक्त (म्हणजे कॉपीराइट नसलेल्या) कलाकृतींचे फोटो धंद्यासाठीही मोफत दिलेत. त्यात भारतीय कापडंही आहेत. ‘ओपन ॲक्सेस’ची खूण तेवढी तपासा. पिंटरेस्टवरचं मात्र सरसकट उचलू नका, तिथे बरेचदा मूळ कलाकाराचं नावच गळालेलं असतं. नाव मिळालं तर सरळ विचारा. मिळालं नाही तर गिऱ्हाइकाच्या कामात ती नक्षी नकोच.

आणि तुमचं स्वतःचं काम कधी टाकता गटावर?