अडतिसाव्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं, गोळी सुरू आहे. थेरपीचीही गरज असते का?

तुम्ही लिहिलंय की वय 38, महिन्याभरापूर्वी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष आवरता न येण्याच्या विकाराचं, निदान झालं, गोळी चालू आहे, आता बडोद्यात थेरपी शोधावी की गोळीवर भागवावं. आणि शेवटी एक ओळ टाकलीय: "घरचे म्हणतात, आवडीचं काम तर तू तासन्‌तास करतोस, मग हा आजार कसला?" मी त्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसलोय. ते वाक्य मी माझ्या दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की दुसऱ्याच्या प्रश्नात वाचूनही पोटात कालवलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. थेरपी घ्या. मात्र फक्त एडीएचडीसाठी असलेली घ्या, नुसती बोलण्याची नको.

मी मोटर रिवाइंडिंग करतो, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरतो. दांडिया बाजारात वडिलांच्या वेळेपासून दुकान आहे, 2017 पर्यंत मी आणि दादा मिळून चालवायचो. छत्तीस स्लॉटची जळालेली मोटर माझ्यापुढे ठेवा. जुनी तार काढायची, गेज मोजायचा, स्लॉटमध्ये कागद घालायचा, टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजत कॉइल भरायची, वार्निश मारायचं. यात मला जेवणाची आठवण राहत नाही. टर्न चुकले म्हणून माझ्याकडून गेलेली मोटर परत आलेली नाही. त्याच मोटरचं पाच ओळींचं बिल मात्र मला करता यायचं नाही. कोऱ्या बिलबुकासमोर दीड-दीड तास बसलोय, छातीत धडधड व्हायची, पण पेन उचललं जायचं नाही. बाजारातले गुजराती लोक मला 'धुनी माणस' म्हणायचे, त्यात थोडा मानही होता. घरात मराठीत त्याला वेंधळा, धांदरट आणि आळशी असे तीन शब्द होते.

2016 च्या मे महिन्यात एका सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर आली. साठेक घरं. शनिवारी रात्री साडेअकराला मी ती पुरी केली, चालवून बघितली, तिन्ही फेजचा करंट सारखा. सकाळी फक्त फोन करायचा राहिला होता. रविवारी दुकान उघडलं तर बाकावर एक जुनं आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, होतं, दोन जणांनी हात टेकलेलं. मी ते खोललं आणि त्यातच गेलो. तयार मोटर दाराआड पडून होती आणि तिकडे सोसायटीत टँकर येत होते. सोमवारी दुपारी त्यांचे सेक्रेटरी आले. त्यांनी मोटर बघितली, दादाला विचारलं, "आ क्यारे तैयार थई?" दादाने माझ्याकडे बघितलं. मी खरं ते सांगितलं. सेक्रेटरी एक शब्द न बोलता रिक्षा बोलवायला गेले. ते गेल्यावर दादा म्हणाला, "तुला आवडतं तेवढंच तू करतोस. बाकीच्यांचं काहीही होवो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण समोर जे दिसत होतं ते तसंच होतं.

1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि त्याच दिवाळीला दादा वेगळा झाला. नव्या मोटरींची विक्री त्याने घेतली, मकरपुऱ्याकडे गाळा घेतला. दुरुस्तीचं दुकान माझ्याकडे राहिलं, आणि आजवर दादा बघायचा ते हिशेबाचं सगळं माझ्यावर आलं. महिन्याच्या 20 तारखेला रिटर्न, उशीर झाला की दिवसाला 50 रुपये. पैसे असायचे, सीए असायचे, बिलांची पिशवी त्यांच्यापर्यंत पोचायची नाही. 2019 मध्ये सलग सहा महिने रिटर्न न भरल्यामुळे माझी नोंदणी रद्द झाली. ती परत मिळवताना बायकोने बांगड्या मोडल्या. हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहितोय.

त्यानंतर झोप गेली. एका समुपदेशकांकडे आठ वेळा गेलो. माणूस सज्जन, पण दर वेळी लहानपण, वडील, मनातला राग, आणि घरी लिहायला कृतज्ञतेची डायरी. ज्याचं दुखणंच हे की ठरवलेलं रोज करता येत नाही, त्याला रोज करायचं आणखी एक काम देऊन पाठवायचं, आणि आठव्या वेळी म्हणायचं की तुमची बदलायची इच्छा कमी पडते! मी त्या जिन्यावर बसून रडलोय. म्हणून म्हणतो, नुसती बोलण्याची थेरपी नको. एडीएचडी न ओळखणारा थेरपिस्ट तुमच्या लाजेत भर घालतो.

पुढे एका मनोविकारतज्ज्ञांनी वर्षभर नैराश्यावर उपचार केले. झोप सुधारली, पण बिलं तशीच. तेव्हा त्यांनीच शंका घेतली आणि 2022 मध्ये मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बेनकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, लहानपणी बघितलेल्या कोणाला तरी घेऊन या, शाळेचं काही असेल तर तेही आणा. मोठेपणी अचानक लागतो असा हा आजार नाही. डीएसएम-5, म्हणजे मनोविकारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात ते पुस्तक, त्याप्रमाणे काही लक्षणं 12 वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, आणि ती घर, शाळा, काम अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात.

आईने ट्रंकेतून माझी प्रगतीपुस्तकं काढली. तिसरीत शेरा: "हुशार आहे, परंतु लक्ष देत नाही." पाचवीत दुसऱ्या बाईंच्या अक्षरात जवळजवळ तोच. खाली वडिलांची सही. त्या सहीच्या दिवशी काय झालं होतं ते मला आठवतं, आणि आईला आठवतं हे तिथे बसल्यावर कळलं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिला गाडीने दादाने आणलं होतं. बेननी त्यालाही आत बसायला सांगितलं.

आई सांगत होती. दूध आणायला पाठवला की बरणी डेअरीत ठेवून यायचा. एका पावसाळ्यात तीन छत्र्या. सुरसागर तळ्याच्या पाळीवर मासे बघत बसला आणि परीक्षेला अर्धा तास उशिरा पोचला. ती रडत नव्हती, पाढे म्हणावेत तसं सांगत होती. दादा ऐकत होता, आणि मग त्याने विचारलंच, "बेन, हे सगळं खरं. पण हा माणूस पाचशे टर्न मोजतो, एक चुकत नाही. तेव्हा कुठे जातो आजार?"

बेन चिडल्या नाहीत. त्यांनी गुजरातीत समजावलं की एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे नेऊन टिकवणं जमत नाही. जे काम स्वतःहून ओढून घेतं, ज्याचा परिणाम लगेच हाताला लागतो, तिथे ते चिकटून बसतं, इतकं की सोडवता येत नाही. आर्मेचरच्या वेळी तेच झालं होतं. दादा मान हलवत होता, पटलं नव्हतं. मग आई त्याला मराठीत म्हणाली, "अरे, त्याचं लक्ष लागतं. त्याला ते लावता येत नाही."

तुमच्या घरच्यांसाठी याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. दादा घरी जाताना गाडीत म्हणाला, "लावता येत नाही म्हणजे काय, शिकायचं." मला राग आला होता. आज म्हणतो, हो, शिकायचंच, पण ओरडून ते कोणाला येत नाही. वडिलांनी आणि तू तीस वर्षं ओरडून बघितलंत, दादा.

आता थेरपीबद्दल. मी घेतली ती सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, बारा बैठका. पहिल्या चार बैठकांत भावनांबद्दल फार बोलणं झालंच नाही. एकच वही, एकच कॅलेंडर, आणि ते कुठे टांगायचं यावर चर्चा. मग काम किती बारीक तोडायचं ते. 'बिलं करणे' हे काम नाहीच, 'बिलबुक उघडून तारीख घालणे' हे काम. मग टायमर: माझं लक्ष टिकतं तेवढाच वेळ लावायचा, माझा तेव्हा बारा मिनिटं होता, आणि मध्ये जे सुचेल ते कागदावर टाकून पुढे जायचं, उठायचं नाही. मनातल्या विचारांकडे आम्ही शेवटी आलो. "निवांत वेळ मिळाला की सगळं एकदम करीन" हा माझा विचार. त्या विचाराने माझी नोंदणी घालवली.

मी बेनना तुमचाच प्रश्न विचारला होता, गोळी असताना हे कशाला? त्यांनी 2010 चा एक अभ्यास सांगितला. 86 प्रौढ, सगळे औषधावर, तरी त्रास शिल्लक. काहींना अशी सीबीटी दिली, काहींना शरीर-मन सैल सोडण्याचं प्रशिक्षण. सीबीटीवाल्यांची लक्षणं जास्त कमी झाली. गोळी मला बाकावर बसवते. बसल्यावर कोणता कागद आधी घ्यायचा, हे गोळी सांगत नाही.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आम्ही दोघांनी मिळून शोधली. मोटर पुरी झाली की टर्मिनल बॉक्सचं, म्हणजे वायरी जोडतात त्या डबीचं, झाकण मी बसवत नाही. झाकण आणि स्क्रू बिलबुकावर ठेवतो. बिल लिहिल्याशिवाय झाकण हातात येत नाही, आणि उघड्या टर्मिनलची मोटर मी मेलो तरी गिऱ्हाइकाला देणार नाही. जिथे चूक होते तिथेच आठवण ठेवायची, डोक्यात नाही, असं बेन म्हणायच्या. मोबाईलमधले गजर माझ्यासाठी निकामी ठरले, वाजले की बंद करायची सवय लागते.

दुसरी गोष्ट, वरच्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त. मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते पाच ते दुकानात येऊन पेपर वाचतात, मी समोर बसून बिलांची पिशवी लावतो. ते काही विचारत नाहीत, बघतही नाहीत. नुसतं माणूस शेजारी असलं की हात चालतो. हे का चालतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण ते आजारी पडले त्या महिन्यात पिशवी तशीच राहिली होती. ज्यांना हे लाजिरवाणं वाटतं त्यांनी चष्मा लावणंही सोडावं.

बायकोला हे काम देऊ नका. माझ्या बायकोने अकरा वर्षं माझा गजर म्हणून काढली, आणि आमच्यात बोलायला आठवणी करून देण्याशिवाय काही उरलं नव्हतं. बेननी दोन बैठका दोघांच्या घेतल्या. ठरलं की दुकानाबद्दल ती विचारणार नाही. पहिले तीन महिने तिला ते फार जड गेलं, माझ्यापेक्षा जास्त.

बडोद्यात कुठे, हे तुम्ही विचारलं होतं. माझ्या बेनचं नाव मी इथे देणार नाही, त्यांना विचारलेलं नाही. शोधताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का ते बघा, आणि फोनवर सरळ विचारा, "मोठ्यांच्या एडीएचडीचं काम केलंय का, बैठकीत काय करता?" उत्तरात वही, कॅलेंडर, कामाचे तुकडे असं काही आलं नाही तर पुढचा नंबर लावा. बैठकीला मी 1200 रुपये दिले, तेवढे नसतील तर सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात आधी चौकशी करा. 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. भाषेचं म्हणाल तर मी गुजरातीत बोललो, वडिलांचं आलं की मराठीत. बेन मला थांबवत नव्हत्या.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. मिथाइलफेनिडेट ही एडीएचडीची गोळी घेत असाल तर रक्तदाब आणि नाडी तपासत राहा, हृदयाचं काही असेल तर लपवू नका. ते शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्ट ठेवून घेतो, आणि प्रत्येक केमिस्टकडे ते नसतं, म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी निघा. मला दुपारी भूक लागत नाही, म्हणून सकाळी पोटभर खातो. अॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध दिलं असेल तर परिणाम दिसायला काही आठवडे जातात, दहाव्या दिवशी बंद करू नका. थायरॉइड आणि झोपेतल्या घोरण्याची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, त्यानेही लक्ष लागत नाही. आणि तुमची आई असेल, तर पुढच्या भेटीला तिला घेऊन जा. घरातलं जे कोणी ते वाक्य म्हणतं, त्यालाही गाडी चालवायला सोबत घ्या.