भोपाळला जावं की नाही?

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे, वारली चित्रं छान काढते, पण आदिवासींची घरं तिने फक्त पुस्तकात बघितलीत. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून कुठे नेऊ? (एक आई, बोरिवली)

उत्तर: ताई, सरळ भोपाळ गाठा, सीएसएमटीहून पंजाब मेल आहेच. तिथे शामला हिल्सवर मानव संग्रहालय आहे, जवळपास 200 एकर, आणि तिथली घरं त्या त्या जमातीच्या लोकांनी स्वतः येऊन बांधलीत म्हणून ती देखाव्यासारखी वाटत नाहीत. नीलगिरीच्या तोडा जमातीचं घर बघाच, आडव्या अर्ध्या पिंपासारखं, दार इतकं बुटकं की मोठ्या माणसालाही रांगतच आत जावं लागतं. पूर्ण दिवस ठेवा, सोमवारी बंद असतं. जवळच 2013 साली उघडलेलं जनजातीय संग्रहालयही आहे.

पण एक मनापासून सांगते, वारली लोक फक्त म्युझियममध्ये नाहीत हो, आपल्या आरेत त्यांचे पाडे आहेत, डहाणू-जव्हारला तर गावंच्या गावं. लग्नात बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, म्हणजे चौकोनी चित्र काढतात, मधे लग्नाची पालघाट देवी, हे लेकीला नक्की सांगा. पाड्यावर गेलात तर आधी विचारा, मगच फोटो काढा, कुणाचं तरी राहतं घर असतं ते.