केबल ‘चांगली’ आहे, तरी पैसे परत मागता येतात का?

प्रश्न : मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, घरूनच लग्नपत्रिका आणि बॅनरची डिझाइन करून देते. लॅपटॉपला सेकंडहँड मॉनिटर जोडलाय. लॅपटॉपला चित्र बाहेर पाठवायचं एचडीएमआय सॉकेट आहे, मॉनिटरला मी डिस्प्लेपोर्ट हे वेगळ्या प्रकारचं सॉकेट वापरते. दोन्ही जोडणारी जुनी केबल तुटली, म्हणून ती नमुन्याला घेऊन राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले. जुन्या केबलला यूएसबीची एक बारीक जादा वायर होती. दुकानदार म्हणाला, ‘ती आता लागत नाही, ही डायरेक्ट चालते.’ ६५० रुपये यूपीआयने दिले. घरी लावली तर ‘नो सिग्नल’. दुसऱ्या दिवशी परत नेली, तर त्यानं स्वतःच्या पीसीला लावून चालवून दाखवली आणि ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या बोर्डाकडे बोट केलं. पक्कं बिल मागितलं तर म्हणे १८ टक्के जादा पडतील. हातात फक्त ‘केबल ६५०’ अशी चिठ्ठी आहे. पाकिटावर ‘४के’ (म्हणजे खूप बारकाईचं चित्र) एवढंच छापलंय, किंमतसुद्धा नाही. भाऊ म्हणतो, पोलिसांत फसवणुकीची तक्रार दे. काय करू?

उत्तर : ताई, पोलिसांचा विषय आधी बाजूला ठेवूया. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला विकतानाच लबाडीचा हेतू होता हे दिसावं लागतं. अर्धवट माहितीवर चुकीची केबल गळ्यात मारणं म्हणजे तो गुन्हा नव्हे. ठाण्यात तुम्हाला ‘ही दिवाणी बाब आहे’ असं सांगतील, आणि ते बरोबरच असेल.

आता दुकानदाराचं म्हणणं. त्यातला एक भाग खरा आहे, तो मान्य करूनच पुढं जावं लागेल. केबल खराब नाही. त्यानं तुम्हाला डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल दिली. दिसायला ती तुमच्या जुन्या केबलसारखीच, एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते. पण दोन्हीकडचे सिग्नल वेगळ्या जातीचे असतात, आणि ही केबल एकाच दिशेनं चालते : पीसीच्या डिस्प्लेपोर्टमधून निघून टीव्ही किंवा मॉनिटरच्या एचडीएमआयकडे. तुम्हाला नेमकी उलटी दिशा हवी आहे. त्यासाठी केबलमध्ये सिग्नलचं रूपांतर करणारी चिप लागते आणि त्या चिपला वीज लागते. तुमच्या जुन्या केबलची ती यूएसबी वायर वीज घेण्यासाठीच होती. ‘ती आता लागत नाही’ हे दुकानदाराचं वाक्य चुकीचं होतं, आणि तुमची सगळी तक्रार याच एका वाक्यावर उभी आहे.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कुठल्याही अर्जात, मेसेजमध्ये किंवा बोलताना ‘केबल खराब निघाली’ असं म्हणू नका. तसं म्हटलंत की वाद वस्तूच्या तपासणीवर जातो. ग्राहक आयोगाला वस्तू प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकार आहे, तिची फी आधी तक्रारदाराला भरायला लावतात, आणि तिथं तुमची केबल पास होईल नि तक्रार नापास. तुमचं म्हणणं असं हवं : मला कशासाठी केबल पाहिजे ते मी सांगितलं, जुनी दाखवली, दुकानदारानं ‘चालेल’ असं सांगून दिली, आणि त्या कामाला ती चालत नाही.

याला कायद्यात भक्कम आधार आहे. माल विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ सांगतं की गिऱ्हाइकानं वस्तू कशासाठी हवी ते विक्रेत्याला सांगितलं, त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतली, आणि तो त्याच मालाचा धंदा करत असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे ही विक्रीतली गृहीत अट असते. ती कागदावर लिहिलेली असावी लागत नाही. तुम्ही स्वतः कंपनी आणि मॉडेल नंबर सांगून ‘तीच द्या’ म्हणाला असता, तर हा आधार सुटला असता. नुसतं ‘डीपी-एचडीएमआय केबल द्या’ (डीपी म्हणजे डिस्प्लेपोर्ट) एवढंच बोलून घेतली असती, तरी तुमची बाजू लंगडी पडली असती. तुम्ही जुनी केबल समोर ठेवलीत, हेच तुमचं बळ. ती जपून ठेवा, भंगारात टाकू नका.

दुसरा आधार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा. त्यातल्या कलम २(१०) मधली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या बरीच रुंद आहे. विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे जो दावा केला, त्याला वस्तू उतरत नसेल तर तोही दोषच. तोंडी दावाही त्यात बसतो. आणि असा माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. भिंतीवरच्या बोर्डानं हा हक्क जात नाही. तुम्हाला नुसता रंग आवडला नाही म्हणून माल बदलून मागितला असता, तर मात्र त्या बोर्डाला अर्थ होता.

तुमचा कामासाठीचा मॉनिटर आहे, मग तुम्ही ‘ग्राहक’ कशा, असा मुद्दा समोरून येऊ शकतो. घाबरू नका. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोजत नाहीत, असं त्याच कायद्यातलं स्पष्टीकरण आहे. पगारी माणसं ठेवून दहा मॉनिटरचं युनिट चालवत असता तर गोष्ट वेगळी.

बिलाचं बघू. ठरलेली किंमत ६५० आणि ती देऊन झाली. आता बिल मागितल्यावर १८ टक्के वर मागणं चूक आहे. दुकानदार जीएसटी नोंदणीकृत असेल तर २०० रुपयांवरच्या विक्रीला त्यानं बिल दिलंच पाहिजे. नोंदणी नसेल तर जीएसटी लावायचाच प्रश्न नाही, पण साधी कॅश मेमो तरीही द्यावी लागते. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. तुमची चिठ्ठी मात्र फेकू नका. यूपीआयच्या नोंदीत दुकानाचं नाव, तारीख, वेळ, रक्कम आणि १२ अंकी व्यवहार क्रमांक असतो. चिठ्ठी आणि ती नोंद मिळून खरेदी सिद्ध होते.

पाकिटाचा मुद्दा तुम्ही सहज लिहिलात, पण तो कामाचा आहे. बंद पाकिटातल्या मालावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहकसेवेचा संपर्क छापलेला असावा लागतो, हे वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ सांगतात. आयात माल असेल तर मूळ देशही. याची तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे करता येते. तिथून तुमचे ६५० परत मिळणार नाहीत, पण असला माल मांडून बसलेला दुकानदार या विभागाचं नाव ऐकून सहसा बोलायला तयार होतो. ‘४के’ या छापाचं भांडण मात्र काढू नका. तुमचा मॉनिटर ४के नसेल तर त्या दाव्यानं तुमचं काही बिघडलेलं नाही. चुकीच्या दिशेनं जोडल्यामुळं मॉनिटर खराब झाला, असंही लिहू नका. तसं होत नाही, फक्त चित्र येत नाही.

आता करायचं काय. आधी घरी एकदा खात्री करा, म्हणजे पुढं तोंडघशी पडायला नको. मॉनिटरच्या बटणांतून इनपुट ‘डिस्प्लेपोर्ट’ वर आहे का बघा, लॅपटॉपवर विंडोज आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. तरीही ‘नो सिग्नल’ येत असेल तर जोडणीची दोन्ही टोकं, मॉनिटरचा मेनू आणि लॅपटॉप एकाच फ्रेममध्ये येतील असा छोटा व्हिडिओ काढा. केबलवर ‘डीपी टू एचडीएमआय’ असं छापलं असेल तर त्याचा जवळून फोटो. नवी आणि जुनी केबल शेजारीशेजारी ठेवून आणखी एक, यूएसबी वायर दिसेल असा.

मग दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर शांत भाषेत मेसेज टाका. उदाहरणार्थ : ‘नमस्कार. अमुक तारखेला तुमच्याकडून ६५० रुपयांना केबल घेतली. लॅपटॉपचं एचडीएमआय आणि मॉनिटरचं डिस्प्लेपोर्ट जोडायचंय असं सांगून जुनी केबल दाखवली होती. यूएसबी वायर लागत नाही, ही चालते, असं तुम्ही सांगितलंत. ती माझ्याकडे चालत नाही. कृपया पैसे परत द्या किंवा योग्य केबल द्या, फरक मी देईन.’ यावर तो ‘मी चालते म्हणालो होतो, पण…’ असं काहीही लिहून बसला, तर तोंडी बोलणं कागदावर आलं. उत्तर नाही आलं तरी तुम्ही लगेच तक्रार केली याची तारीख राहते. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. पुढं त्याची प्रिंट दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडायचं असतं.

‘फरक मी देईन’ हे मुद्दाम घातलंय. योग्य केबल म्हणजे चिप आणि वीज असलेली, ती महागच पडणार. ६५० मध्ये तीच द्या हा हट्ट कायद्यात बसत नाही. पैसे परत, किंवा बदल आणि फरक, एवढंच मागा. केबल परत करताना पैसे किंवा लेखी पोच घेतल्याशिवाय काउंटरवर ठेवून येऊ नका.

आठ दिवसांत दाद नाही मिळाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीतही बोलता येतं. मोठ्या कंपन्या तिला लवकर उत्तर देतात, छोटं दुकान देईलच असं नाही. त्यानंतर १५ दिवसांची लेखी नोटीस, स्पीड पोस्टानं. ती कायद्यानं सक्तीची नाही, पण आयोगापुढं चांगली दिसते.

शेवटचा टप्पा कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं, मुदत २ वर्षं. तपासणी नसलेल्या तक्रारी ३ महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त धरून चाला. ६५० रुपयांसाठी तिथवर जावं का? माझं स्पष्ट मत, नोटिशीपर्यंत जरूर जा, बहुतेक प्रकरणं तिथंच मिटतात. पुढं जायचंच असेल तर रक्कम, खर्च आणि माफक नुकसानभरपाई मागा. ‘मानसिक त्रासाचे ५० हजार’ लिहिलं की आयोगसुद्धा अर्जाकडं संशयानं बघतो. आणि हो, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून आपल्या कोल्हापुरात बसतंय म्हणून कुणी तिकडं जायचा सल्ला दिला, तर तो हसण्यावारी न्या.

तोपर्यंत तुमचं काम अडलंय, म्हणून खरेदीबद्दल दोन शब्द. पैसे घालण्याआधी मॉनिटरच्या मागे नीट बघा. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड मॉनिटरला डिस्प्लेपोर्टशेजारी बऱ्याचदा डीव्हीआयचं रुंद, बहुधा पांढरं सॉकेट असतं. ते असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय-डी ही साधी केबल घ्या. तिला चिप लागत नाही, वीज लागत नाही, दोन्ही दिशांनी चालते, आणि फुल एचडी चित्र व्यवस्थित येतं. आवाजाची खात्री धरू नका, तो लॅपटॉपमधूनच घ्या. डीव्हीआय नसेल तर ‘एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्ट, अॅक्टिव्ह, यूएसबी पॉवरसह’ असंच सांगा (अॅक्टिव्ह म्हणजे चिप असलेली). लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत असेल, तर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल हा आणखी सुटसुटीत मार्ग. पण प्रत्येक टाइप-सीमधून चित्र येतंच असं नाही, मॉडेलची माहिती आधी तपासा.

काहीही घेतलंत तरी बिलावर दुकानदाराकडून एक ओळ लिहून घ्या : ‘लॅपटॉप एचडीएमआय ते मॉनिटर डिस्प्लेपोर्ट, चालेल.’ डीव्हीआयची केबल घेतलीत तर त्या ओळीत तसा बदल करा. लिहायला तो कां-कू करू लागला, तर पैसे द्यायच्या आधीच दुसरं दुकान गाठा.