शनिवारचा क्राफ्टचा तास आणि घरी येणारा तपकिरी कागद

मागच्या अंकात दीड ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मी दर शनिवारी नाशकात जो चित्र-हस्तकलेचा तास घेते त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर खूप पत्रं आणि मेल आले, सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते इथे घेतेय.

प्रश्न : माझी मुलगी २६ महिन्यांची आहे. पुण्यात घराजवळ दर शनिवारी टॉडलर आर्ट क्लास असतो, दोन महिने झाले जातेय. घरी येताना हातात दर वेळी तपकिरी चिखल फासल्यासारखा कागद. मैत्रिणीचा मुलगा दुसऱ्या क्लासला जातो, तो कधी मोर आणतो, कधी मासा, कधी कापसाचा ससा, डोळेबिळे लावलेला. फी दोन्हीकडे सारखीच आहे. आमच्याकडे काही शिकवतच नाहीत का? क्लास बदलू का?

नका बदलू. आधी तो मोर कोणी केलाय ते बघा. सव्वादोन वर्षांच्या मुलाला कात्रीने मोराचा आकार कापता येत नाही, चोच नेमक्या जागी चिकटवता येत नाही, डोळे दोन आणि समोरासमोर लावता येत नाहीत, म्हणजे मोर ताईंनी केला आणि मुलाच्या हातात दिला.

माझ्या मुलीचंच सांगते. ती अडीच वर्षांची असताना तिच्या प्लेग्रुपमधून असाच ससा घरी आला, इतका सुंदर की मी तो फ्रिजवर लावला. संध्याकाळी तिला म्हटलं, किती छान ससा केलास गं. तिने सशाकडे बघितलंसुद्धा नाही. मी परत विचारलं, यातलं तू काय केलंस, तर जवळ आली आणि शेपटीच्या खाली ग्लूचा एक थेंब बाहेर आला होता, सुकून चकचकीत झालेला, त्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे मी." अख्ख्या तासातलं तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. मला फार वाईट वाटलं तेव्हा, आजही वाटतं. दुसऱ्या वर्षी मी आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये हा तास सुरू केला त्याचं कारण तो थेंब आहे.

आता तुमच्या तपकिरी कागदाबद्दल. लाल, पिवळा, निळा तिन्ही रंग समोर ठेवले आणि मूल मनापासून कामाला लागलं की दहा मिनिटांत सगळं तपकिरी होणारच, रंगांचा गुणच तो आहे. तेव्हा तपकिरी कागद म्हणजे मुलगी वेळ भरून खेळली याचा पुरावा समजा. फक्त एक सूचना क्लासच्या ताईंना जरूर करा, एका वेळी दोनच रंग द्या म्हणावं. पिवळा आणि लाल दिले की मध्ये केशरी उगवतो, पिवळा आणि निळा दिले की हिरवा, आणि तो कोणी न सांगता आपल्याच हाताखाली उगवला हे मुलाला दिसतं, तो चेहरा बघण्यासारखा असतो हो!

या वयात रेघोट्याच असतात. साधारण दीड वर्षाच्या आसपास मूल पहिल्यांदा कागदावर खुणा करतं, तेव्हा हात खांद्यापासून हलतो म्हणून कागद मोठा लागतो आणि चारही कोपरे टेपने टेबलाला किंवा जमिनीला चिकटवलेले लागतात, नाहीतर कागदच खडूबरोबर फिरतो आणि मूल वैतागतं. मग कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. तीनच्या आसपास रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते, म्हणजे गोल बंद होतो, आणि त्यानंतर कधीतरी त्या गोलाला खाली दोन काड्या फुटतात आणि ती आई असते किंवा बाबा. पोट नाही, मान नाही, डोक्यालाच पाय, जगभरातली मुलं साधारण अशीच माणसं काढतात. प्रत्येक मुलाचं वेळापत्रक थोडं मागेपुढे असतं, पण क्रम बहुतेक हाच. मधली पायरी गाळून तीनच्या आत मोर हवा असेल तर तो मोठ्यांनाच काढावा लागतो.

क्लास बरा आहे का ते ओळखायचं तर तास संपल्यावर सगळ्या मुलांचे कागद शेजारी शेजारी ठेवलेले बघा. बारा मुलं आणि बारा एकसारखे मासे असतील तर मला त्यात मुलं दिसत नाहीत. घरी आल्यावर "हे काय काढलंस" असं विचारू नका, तिने काही काढायचं ठरवलेलंच नसतं, मग ती आपल्याला खूश करायला काहीतरी सांगते. त्यापेक्षा जे दिसतंय तेच बोला, इथे किती जोरात दाबलंस, इथे निळा वरपर्यंत गेलाय. आणि कागदावर तारीख घाला मागच्या बाजूला. सहा महिन्यांनी सगळे एकत्र काढून बघा, मग क्लास बदलू का हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा, सगळं डाव्या हाताने करतो. घरचे म्हणतात क्लासमध्ये सांगून उजव्या हाताची सवय लावून घ्या, आत्ताच लागते. काय करू?

काहीही करू नका आणि कोणाला करू देऊ नका. कुठला हात पुढे येणार हे त्याचं त्याला ठरवू द्या, काही मुलांचं ते आणखी एक-दोन वर्षं चालतं. खडू त्याच्या समोर मधोमध ठेवा, बसवताना टेबलाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजारच्याला कोपर लागत नाही. चार वर्षांनंतर कात्री घेताना डावखुऱ्यांची वेगळी मिळते ती घ्या, साध्या कात्रीने डाव्या हाताला कागद कापण्याऐवजी दुमडतो आणि मूल समजतं आपल्यालाच येत नाही.

प्रश्न : १६ महिन्यांचा आहे, सगळं तोंडात घालतो. त्याला अशा सेशनला न्यावं की थांबावं? घरी कुठलं सामान सुरक्षित?

न्या की, पण सामान नीट बघून. या वयात तोंड हासुद्धा हातच असतो, त्याला रागावून उपयोग नाही.

रंग घरी करा. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर दोन वाट्या पाण्यात कालवून मंद गॅसवर ढवळत राहायचं, खळीसारखं घट्ट झालं की उतरवायचं, गार करून त्यात बिटाचं पाणी किंवा पालकाचा रस किंवा चांगल्या खात्रीची हळद. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. हळद कपड्यावरून निघत नाही तेव्हा जुना बनियन घाला.

देव्हाऱ्यातलं कुंकू, शेंदूर, होळीचा उरलेला रंग हे मात्र चुकूनही रंग म्हणून देऊ नका. शेंदरात शिसं असू शकतं आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे, थोडंसुद्धा. एका घरी आजींनी अगदी प्रेमाने वाटीत शेंदूर कालवून दिलेला मी पाहिलाय, म्हणून मुद्दाम लिहितेय.

घरी मळलेला मीठ-मैद्याचा गोळा, म्हणजे एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, चमचाभर तेल, चमचाभर लिंबूरस, हे सगळं कढईत गोळा होईपर्यंत शिजवायचं, हा फार मस्त होतो पण तो तुमच्याकडे आत्ता नको, जे मूल गिळतं त्याच्या पोटात एवढं मीठ जाणं वाईट. कच्ची कणीक पण खायला नको, कच्च्या पिठात जंतू असू शकतात. त्याला भाकरीचं उकडलेलं पीठ द्या, गार झाल्यावर, ते तोंडात गेलं तरी चालतं.

आकाराचं म्हणाल तर टिश्यू रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी ठेवून द्या. त्या नळीतून जी वस्तू जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको, मग मणी, बटणं, चिंचोके, हरभरे सगळं त्यात आलं. पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत जेलीचे मणी मिळतात, ते तर घरातच आणू नका, पोटात गेले तर तिथेही फुगतात आणि आतडं अडवतात. लुकलुकणाऱ्या शोभेच्या वस्तूतले गोल चपटे बटण सेलही तितकेच धोक्याचे, गिळला गेल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. विकतचं खेळणं घेताना आयएसआयचा शिक्का बघा, आपल्याकडे २०२१ पासून तो बंधनकारक आहे.

आणि वीस मिनिटं, जास्त नाही. १६ महिन्यांचं मूल पाच मिनिटांत उठून गेलं तर त्याचा तास पाच मिनिटांचा होता.

प्रश्न : मी कोकणातल्या एका छोट्या गावात राहते, डीएड झालंय, नोकरी नाही. वाडीतल्या लहान मुलांना आठवड्यातून एकदा जमवून असं काही करावं असं फार वाटतं. पण सामानाला पैसे नाहीत आणि लोक म्हणतात हे शहरातलं फॅड आहे.

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे फॅड शहरातलं नाही हो, आपल्याकडे हे काम खेड्यातच उभं राहिलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळ बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, तर त्यांनी शंख-शिंपले, बिया, गोटे, पानं, काड्या, जे आजूबाजूला मिळेल त्यातून साहित्य केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथलाच. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ मध्ये आली, म्हणजे तीस वर्षांनी. लोकांना हे सांगा.

सामान म्हणाल तर तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे, खरंच. मला नाशकात माती विकत आणावी लागते. भेंडी आडवी कापून ठसा मारला की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. नारळाची शेंडी हा ब्रश आहे, सुपारीची विरी, म्हणजे तिच्या पानाचा वाळलेला रुंद देठ, हा ट्रे आहे. गेरू पाण्यात कालवून जुन्या वर्तमानपत्राला फासा, वाळला की तांदळाचं पीठ पाण्यात पातळ करून काडीने त्यावर काढू द्या, वारली बायका भिंतीवर याच दोन गोष्टींनी काढतात. मैद्याची खळ शिजवा, फेव्हिकॉल लागत नाही. मेणखडू घ्यावेच लागले तर एकच डबी घ्या आणि प्रत्येक खडूचे तीन तुकडे करा, सहा मुलांना पुरतात आणि तुकडा छोटा असला की मूठ बसत नाही, आपोआप बोटांच्या टोकांनी धरावा लागतो, त्यातून पुढे पेन्सिलची पकड येते.

सुरुवातीला सहाच मुलं घ्या, प्रत्येकाबरोबर घरचं एक मोठं माणूस. वार आणि वेळ ठरवा आणि पाऊस असो लग्न असो ती मोडू नका, लहान मुलांना ती लय कळते, माझ्याकडे एक मुलगा शनिवारी सकाळी उठला की जुना शर्ट घेऊन दाराशी उभा राहतो. एका दिवशी एकच गोष्ट. माती म्हणजे माती, त्यात रंग नको. पहिली दहा मिनिटं काहीच सांगू नका, सामान मधे ठेवा आणि बसा. शेवटची दहा मिनिटं धुवायची, बादली आणि फडकं मुलांच्याच हातात द्या, ते त्यांना चित्रापेक्षा जास्त आवडतं असा माझा अनुभव आहे.

सगळ्यात अवघड काम मोठ्यांना गप्प बसवणं. माझ्याकडे एक दोन वर्षांचा मुलगा यायचा, तीन शनिवार तो फक्त खळीच्या बाटलीतून खळ पिळत होता. शेवयांसारखी घडी पडत खाली येते ना, ती बघत. डोकं कलतं करून बघायचा. आई ओशाळायची, बाकीच्यांची पानं चिकटवून झाली आणि हा अजून बाटलीच घेऊन बसलाय. मी तिचा हात धरून ठेवला, अगदी खरोखर. चौथ्या शनिवारी त्याने त्या ढिगावर जांभळाचं एक पान ठेवलं, दाबलं, कागद उचलून उलटा धरला. पान पडलं नाही. त्याने आईकडे बघितलं, परत कागद उलटा केला, परत बघितलं. आई रडली तिथेच.

प्रश्न : मी साताऱ्याची, सध्या लेकीकडे इंग्लंडला आलेय सहा महिने. नात अडीच वर्षांची. दर मंगळवारी इथल्या लायब्ररीत लहान मुलांची गाणी आणि क्राफ्ट असतं, फुकट. लेक कामावर म्हणून मी नेते. पण नात माझ्या मांडीवरून उतरत नाही, आणि मला इंग्रजी जेमतेम, मी कोपऱ्यात बसते. माझ्यामुळे ती बुजते का?

नाही आजी, तुमच्यामुळेच ती तिथे बसते तरी आहे. अडीच वर्षांचं मूल अनोळखी खोलीत मांडीवरून सगळं बघत असतं, आणि घरी आल्यावर करतं. घरी ती गाणी पुटपुटते का बघा जरा. आमच्याकडेही काही मुलं महिना-महिना मांडीवर असतात, एक दिवस उतरतात, कारण आपल्याला कधीच कळत नाही.

दोन गोष्टी करा. एक म्हणजे पाच-दहा मिनिटं आधी पोचा, खोली रिकामी असताना मूल लवकर उतरतं, गर्दीत उतरणं मोठ्यांनाही जड जातं. दुसरं, तुम्ही स्वतः खाली बसा आणि हाताने काहीतरी करायला लागा, तिला बोलवू नका. आणि तिच्याशी मराठीतच बोला, तिथे, सगळ्यांसमोर, मोठ्याने, गाणं इंग्रजी चाललं असलं तरी तुमच्या मांडीवर तुमचं "अडगुलं मडगुलं" चालू द्या, कोणी काही म्हणत नाही.

तिथल्या ताईंना लेकीकडून एक चिठ्ठी लिहून घ्या की एखाद्या मंगळवारी मी काही दाखवू का, त्यांना आवडेल असं वाटतं. कणीक घेऊन जा घट्ट मळून. दीप अमावास्येला आपण करतो तसे दिवे करा, बोटाने खळगा, कडेला चिमटा. त्याला भाषा लागत नाही, तुमचे अंगठे बघून सगळ्या पोरांना जमेल. तुमची नात त्या दिवशी बहुतेक सगळ्यात पुढे असेल कारण तिची आजी मधोमध बसलेली असेल. फक्त कणीक कच्ची आहे, तेव्हा तोंडात कोण घालतंय ते बघत राहा, आणि गव्हाचं पीठ आहे हे ताईंना आधी सांगा, तिकडे काही मुलांना गहू चालत नाही.