नवीन बांधलेली रेस बाईक जानेवारीच्या थंडीत बुद्ध सर्किटवर पहिल्यांदाच टेस्ट करणार आहे, काय काळजी घेऊ?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात सहा महिने खपून केटीएम आरसी ३९० ची रेस बाईक बांधलीय, अजून एकदाही ट्रॅकवर फिरवली नाही आणि पहिली टेस्ट डायरेक्ट ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, ती पण जानेवारीत. हाच उद्योग मी करून बसलोय, बाईक पण हीच, फक्त माझी कोल्हापुरात उद्यमनगरात बांधलेली, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी लॅप टायमिंग डोक्यातून काढा. टायमर घरीच ठेवा. बाईक नवीन, म्हणजे तिचं काय बिघडलंय ते तुम्हाला माहीत नाही, आणि थंडीत चांगली बाईक पण वाईट वागते, मग हाताला जे जाणवतंय ते बाईकचं की थंडीचं हे कळायला मार्गच नाही. मी त्यातच फसलो. सकाळच्या दुसऱ्या सेशनला पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, असा लाकडासारखा, जरा उंचवटा आला की हँडल टकटक हातात मारतंय. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गॅरेजमध्ये, आलो आणि लागलो डॅम्पिंगचे क्लिक (सस्पेन्शन कडक-मऊ करायच्या स्क्रूचे टप्पे) सोडायला, चार सोडले, मग अजून दोन, मग मागच्या शॉकचे पण. आमच्याबरोबर आलेले मिस्त्री, त्यांना सगळे मामाच म्हणतात, ते शेंगदाणे खात बघत होते, म्हणाले, "आदी ऊन तर पडू दे लेका, मग काय फिरवायचं ते फिरव." ऐकतोय कोण. दुपारी एकला ऊन पडलं, फोर्कमधलं तेल पातळ झालं आणि तीच बाईक ब्रेक लावला की होडीसारखी डुलायला लागली. सगळे क्लिक मोजून होते तिथे परत आणले तर एकदम सरळ. म्हणजे सकाळी बाईकमध्ये काही चुकलेलंच नव्हतं. तेव्हा सुरुवातीचे सगळे क्लिक वहीत लिहून ठेवा आणि दुपारपर्यंत स्क्रू ड्रायव्हर कुणाकडे तरी देऊन टाका.

तिथली थंडी पुण्यासारखी नाही हं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये याच ट्रॅकवर मोटोजीपी, म्हणजे बाईकची जागतिक रेस, झाली तेव्हा उकाड्यामुळे रेसच्या लॅप कमी कराव्या लागल्या आणि रायडर होर्हे मार्टिनला रेसनंतर डीहायड्रेशनचा त्रास झाला होता, आणि जानेवारीत सकाळी त्याच डांबरावर सहा-सात डिग्री आणि वर धुकं. ट्रॅकच्या कडेला उभ्या मार्शलचे झेंडे धुक्यातून दिसल्याशिवाय ट्रॅक उघडत नाहीत, आमचं आठचं सेशन सव्वानऊला सुरू झालं. चिडू नका, तेवढा वेळ टायर वॉर्मरला (टायरभोवती गुंडाळायचं विजेचं गरम कव्हर) जास्त मिळतो.

टायरचं सांगतो. पुण्यात गॅरेजमध्ये २८ डिग्रीला ३० पीएसआय हवा भरून नेलं तर तिथे सात डिग्रीला ते साधारण २७ दाखवतं, गळती नसताना. लोक पंक्चर शोधत बसतात. प्रेशर तिथेच मोजायचं, गार असताना एकदा आणि वॉर्मर काढल्या काढल्या एकदा, आणि टायर कंपनीने जो गरम आकडा दिलाय तो धरायचा. वॉर्मर ८० वर निदान तासभर ठेवा, कारण रबर वीस मिनिटात हाताला गरम लागतं पण रिम गारच असते आणि ती सगळी ऊब ओढून घेते. आणि वॉर्मर काढून पिट लेनला लाल दिव्यासमोर पाच मिनिटं उभे राहिलात तर केलेलं सगळं पाण्यात. शेवटी निघा, रांगेत पहिला नंबर लावायची हौस नको.

त्यात बुद्धची मागची सरळ किलोमीटरच्या वर आहे, ३९० वर वीसेक सेकंद नुसता वारा खायचा, टायर गार होतो आणि लगेच जोरात ब्रेकिंग. शिवाय टायर दोन्ही बाजूंनी सारखा तापत नाही. जर्मनीत साक्सेनरिंगला ओळीने डावी वळणं झाल्यावर अकरा नंबरचं उजवं येतं, तिथे मोटोजीपीचे लोक सुद्धा आपटतात कारण उजवी बाजू तोवर थंड झालेली असते. त्यांचं तसं होतं तर आपण कोण. बऱ्याच वेळाने एखाद्या बाजूचं पहिलं वळण आलं की तिथे सबुरीने घ्या.

आता खरं टेस्टिंग. पहिल्या सेशनला तीन लॅप, अर्ध्या थ्रॉटलवर, आणि आत या. बेली पॅन, म्हणजे इंजिनखालचं तबक, काढा आणि टॉर्च लावून खालून बघा. मी तसं केलं म्हणून वाचलो. बेली पॅनमध्ये पाव कप पाणी! रेडिएटरच्या खालच्या होजचा (रबरी पाइपचा) क्लॅम्प, मीच आवळलेला, कोल्हापुरात मे महिन्यात. गार पडलं की रबर आकसतं, क्लॅम्प सैल होतो आणि थेंब थेंब गळतं, आणि इंजिन तापलं की रबर फुगून आपोआप बंद होतं. त्यामुळे गरम बाईक तपासली तर सगळं कोरडं ठाक. मी होजच्या खाली बोट फिरवलं तर एक थेंब बोटावर आला, पुसला, अर्ध्या मिनिटाने परत एक. पॅनला कड नसती तर ते सगळं मागच्या टायरवर. क्लॅम्प तिथे थंडीतच अर्धा आटा आवळला आणि विषय संपला. (रेडिएटरमध्ये कूलंट नको, साधं पाणी, ट्रॅकवर सांडलं तर कूलंट तेलासारखं निसरडं होतं आणि मागचे चार जण शिव्या देतात.)

प्रत्येक नटबोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळून झाल्यावर त्यावर पेंट मार्करने रेघ ओढा, नटावरून खाली बॉडीपर्यंत एकच रेघ. आत आलात की रेघ तुटलीय का एवढंच बघायचं. पुण्याहून चौदाशे-पंधराशे किलोमीटर ट्रकमध्ये हादरे खात गेल्यावर ट्रॅकवर जायच्या आधीच दोन-तीन रेघा तुटलेल्या सापडतील. ड्रेन प्लग, ऑइल फिल्टर, फिलर कॅप यांना लॉकवायर, म्हणजे सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, हवीच. ब्रेक कॅलिपरचे बोल्ट दोनदा बघा. आणि चाक काढून घातलं असेल तर निघायच्या आधी पुढचा ब्रेक पंप करा, कॅलिपरचे पिस्टन आत गेलेले असतात, पहिल्या दाबाला लिव्हर थेट ग्रिपला टेकतो, हे पिट एक्झिटला कळलं तर उशीर झालेला असतो.

इंजिनचं फार लिहीत नाही, इंजेक्शन आहे, ते स्वतःचं बघतं. पण सात डिग्रीची हवा पस्तीस डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के घट्ट असते, आणि तुम्ही एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) कापताना हवेच्या तापमानाचा सेन्सर कुठेतरी इंजिनजवळ लोंबकळत ठेवला असेल तर तो गरम हवा वाचतो आणि पेट्रोल कमी सोडतो. तो थंड हवेत आणा. मीटरवर पाणी गरम दाखवलं तरी ऑइल अजून गारच असतं, म्हणून पहिल्या दोन लॅप रेव (इंजिनचे आरपीएम) कमी. रेडिएटरला अर्धी टेप मारा, पण अकरा-साडेअकराला आठवणीने काढा, आमच्या शेजारच्या पिटमधला एक जण विसरला आणि पाणी उकळून बाहेर.

स्वतःचं पण बघा जरा. लेदर सूटच्या आत थर्मल, हेल्मेटच्या व्हायझरला पिनलॉक (वाफ धरू नये म्हणून आतून लावायची काच), आणि बोटं बधिर असतील तर जाऊच नका, ब्रेक किती दाबलाय ते बोटांनाच कळतं. मी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसायचो, मामा म्हणायचे हा पिणार कधी.

आणि पिटमध्ये रात्रभर बाईक उभी राहणार असेल तर खाली एक मोठा कोरडा पुठ्ठा अंथरा. सिमेंटवर पाण्याचा थेंब वाळून जातो, पुठ्ठ्यावर गोल डाग राहतो, आणि तो डाग कुठे पडलाय त्यावरून सकाळी वर बघायचं की बरोबर काय गळतंय.